दोन वर्षांनंतरचे बिल : फिलिपस्टाड आणि स्वीडनमधील निर्वासितांचा सार्वजनिक खर्च

स्वीडनच्या पश्चिमेस वेर्मलांड प्रांतात फिलिपस्टाड नावाचे गाव आहे. राजा नववा कार्ल याने १६११ मध्ये त्याला नगराचा दर्जा दिला आणि आपल्या धाकट्या मुलाचे, कार्ल फिलिपचे, नाव ठेवले. हा सारा परिसर कित्येक पिढ्या लोखंडाच्या खाणींवर जगला. जवळच्या लोंगबानची खाण १९७२ मध्ये बंद झाली. कामधंद्याच्या शोधात तरुण मंडळी मोठ्या शहरांकडे जात राहिली आणि मागे वयस्कर माणसे व रिकाम्या सदनिका उरल्या. आज गावातला मोठा म्हणावा असा कारखाना वासा कंपनीचा आहे, जिथे राय धान्याचे कडक पाव भाजले जातात. आसपासची खेडी धरून नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या थोडी वर भरते.

या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर २०१९ मध्ये एक निवेदन प्रसिद्ध झाले. लिहिणारे होते नगरपालिकेचे मुख्य प्रशासक क्लास हुल्तग्रेन आणि स्थलांतरितांच्या सामाजिक समावेशनाचे काम पाहणारे जिम फ्रोलँडर. दोघेही अधिकारी, कुठल्या पक्षाचे प्रचारक नव्हेत. सीरिया, सोमालिया, इराक, अफगाणिस्तान, इरिट्रिया अशा देशांतून आलेले सुमारे साडेसातशे प्रौढ आपल्या हद्दीत राहतात, त्यांच्यातील बेरोजगारी ८० टक्क्यांच्या घरात आहे, अनेकांचे शालेय शिक्षण अपुरे आहे आणि नगरपालिकेला द्यावा लागणारा निर्वाह भत्ता एका दशकात कित्येक पटींनी वाढला आहे, असे त्यांनी मोकळेपणाने मांडले. यांतील काहींना स्वीडनच्या नोकरीबाजारात कधीच जागा मिळणार नाही आणि हे मान्य करूनच पुढचे नियोजन करावे लागेल, हा त्या निवेदनाचा सर्वांत जड भाग होता. देशभर त्यावर चर्चा झाली. एका बाजूने त्याकडे स्थलांतराविरुद्धचा पुरावा म्हणून पाहिले गेले, दुसऱ्या बाजूने लेखकांवर निर्वासितांना कमी लेखल्याचा ठपका आला. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र सरळ हिशेबाचा होता : देशाने एक निर्णय घेतला, त्याचा खर्च दहा हजार वस्तीच्या गावाने किती वर्षे आणि कशातून भागवायचा?

युरोपातील कल्याणकारी राज्यांना निर्वासित परवडतात का, हा प्रश्न बहुधा संपूर्ण देशाच्या पातळीवर विचारला जातो आणि उत्तरही एका आकड्यात मागितले जाते. फिलिपस्टाडचे प्रकरण नीट पाहिले की कळते की त्या एका आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे माणूस किती वर्षे कामाविना राहतो, आणि दुसरी म्हणजे त्या वर्षांचे पैसे कोणत्या तिजोरीतून जातात.

तिजोऱ्यांची रचना

आपल्याकडची नगरपालिका मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि राज्याचे अनुदान यांवर चालते. प्राप्तिकराशी तिचा थेट संबंध येत नाही. स्वीडनमध्ये सर्वसामान्य पगारदार जो प्राप्तिकर भरतो तो मुख्यतः नगरपालिकेचा आणि प्रादेशिक परिषदेचा असतो. दोन्ही मिळून त्याचा सरासरी दर सुमारे ३२ टक्के आहे; केंद्राचा २० टक्के प्राप्तिकर केवळ वरच्या उत्पन्नावर लागतो. कामाची विभागणीही तशीच आहे. दवाखाने आणि रुग्णालये प्रादेशिक परिषद चालवते; शाळा, पाळणाघरे, वृद्धांची देखभाल, प्रौढांना स्वीडिश भाषा शिकवण्याचे वर्ग आणि ज्यांना दुसरा कोणताच आधार नाही त्यांचा निर्वाह भत्ता ही जबाबदारी नगरपालिकेची. म्हणजे कल्याणकारी राज्य ज्याला म्हणतात त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात स्टॉकहोमच्या मंत्रालयात नसून गावच्या कचेरीत असतो.

नव्या निर्वासितासाठी केंद्र सरकार दोन वर्षांची जबाबदारी घेते. वास्तव्याचा परवाना मिळाला की राष्ट्रीय रोजगार सेवा त्याला २४ महिन्यांच्या कार्यक्रमात दाखल करून घेते; त्यात भाषेचे वर्ग, समाजपरिचय, कामाचा सराव आणि दिवसाला ३०८ क्रोनरचा (क्रोनर हे स्वीडनचे चलन) भत्ता असतो. त्याच काळात नगरपालिकेला प्रतिमाणशी ठरावीक रक्कम मिळते. १ जानेवारी २०१६ पासून ती ६५ वर्षांखालील व्यक्तीसाठी १,२५,००० क्रोनर करण्यात आली, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा लाख रुपयांच्या आसपास. आधीची रक्कम ८३,१०० क्रोनर होती, तेव्हा ही वाढ लहान नव्हती.

पण दोन वर्षे संपली आणि माणूस कामाला लागला नसेल, तर तो निर्वाह भत्त्यावर येतो आणि तो भत्ता नगरपालिकेच्या खर्चात पडतो. इथे एक बारकावा आहे, जो वर्तमानपत्री चर्चेत सहसा निसटतो. स्वीडनमध्ये श्रीमंत आणि गरीब नगरपालिकांतील दरी बुजवण्यासाठी उत्पन्न-समतोलाची यंत्रणा आहे. ज्या गावाचा दरडोई करपाया, म्हणजे कर लागू होणारे उत्पन्न, देशाच्या सरासरीच्या ११५ टक्क्यांहून कमी आहे, त्याची तूट मुख्यत्वे केंद्र भरून काढते, आणि ही भरपाई लोकसंख्येनुसार मोजली जाते. त्यामुळे कर न भरणारा रहिवासीसुद्धा गावाला काही महसूल मिळवून देतो. करदाते कमी झाल्यामुळेच गाव अडचणीत आले, हे म्हणणे म्हणून अर्धेच खरे आहे. अडचण येते ती खर्चाच्या बाजूने : निर्वाह भत्ता, दुभाषे, शाळेत अधिकचे शिक्षक, मोठ्या कुटुंबांसाठी घरे. खर्च समतोलण्याचीही एक व्यवस्था आहे खरी, पण ती मागील आकड्यांवर चालते, आणि दोन-तीन वर्षांत वस्तीची घडण बदललेल्या लहान गावाला तिचा वेग पुरत नाही.

अशी गावे निर्वासितांच्या वाट्याला का आली, याचे उत्तर रिकाम्या सदनिकांत आहे. आश्रयासाठी अर्ज केलेल्यांना ठेवायला स्थलांतर प्राधिकरणाला जागा हव्या होत्या आणि स्वस्त जागा खाणी बंद पडलेल्या, कारखाने आटलेल्या गावांतच होत्या. परवाना मिळेपर्यंत मुले तिथल्या शाळेत रुळतात आणि कुटुंब तिथेच राहते. शिवाय १९९४ च्या एका कायद्यामुळे आश्रयार्थी स्वतःची राहण्याची सोय स्वतः करू शकत होते. त्यातून माल्मो, सोदरतेल्ये यांसारख्या शहरांच्या काही भागांत नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणे वाढले. मार्च २०१६ पासून नव्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेवर ठरवून दिलेल्या संख्येने निर्वासित घेण्याचे बंधन आले. तोवर सधन उपनगरांनी फार थोडे लोक घेतले होते. जिथे घर मिळते तिथे काम नाही आणि जिथे काम आहे तिथे घर नाही, ही विसंगती पुढच्या सगळ्या खर्चाच्या मुळाशी आहे असे माझे मत आहे.

२०१५ चे वर्ष

सीरियातील युद्धातून आलेल्यांना कायमचे वास्तव्य देण्याचा निर्णय स्वीडनने सप्टेंबर २०१३ मध्येच घेतला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये, निवडणूक महिनाभरावर आली असताना, पंतप्रधान फ्रेडरिक राइनफेल्ट यांनी स्टॉकहोमच्या भाषणात लोकांना मन मोठे करण्याचे आवाहन केले आणि त्याच दमात सांगितले की या कामाला इतका पैसा लागेल की आपण निवडणुकीत दुसरी फारशी आश्वासने देऊ शकत नाही. खर्च इतक्या उघडपणे मांडणारा सत्तेवरचा नेता क्वचितच आढळतो. ते निवडणूक हरले. स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट पक्षाची मते २०१० च्या ५.७ टक्क्यांवरून १२.९ टक्क्यांवर गेली.

पुढच्या वर्षी जे झाले त्याचा अंदाज कुणालाच नव्हता. जुलै २०१५ मध्ये स्थलांतर प्राधिकरणाने वर्षभरात ७४,००० अर्ज येतील असे धरले होते. ऑक्टोबरमध्ये तोच अंदाज १,४०,००० ते १,९०,००० पर्यंत गेला. शरद ऋतूत आठवड्याला दहा हजार माणसे येत होती, त्यांतील बरीच कोपनहेगनहून ओरेसुंद पुलावरच्या रेल्वेने माल्मोला उतरत. वर्षअखेर एकूण अर्ज १,६२,८७७ झाले, तेही एक कोटीहून कमी लोकसंख्येच्या देशात. त्यांतील ३५,३६९ अर्ज आईवडिलांशिवाय आलेल्या अल्पवयीन मुलांचे होते. २४ नोव्हेंबरला पंतप्रधान स्टेफान लोवेन यांनी आश्रयाचे नियम युरोपीय संघाच्या किमान पातळीवर आणण्याची घोषणा केली; शेजारी उभ्या असलेल्या उपपंतप्रधान ओसा रोमसन यांना त्या वेळी रडू आवरले नाही.

त्या वर्षीचा पैसा कुठे गेला हे जवळून पाहण्यासारखे आहे. स्वतःचे जेवण स्वतः करणाऱ्या एकट्या प्रौढ आश्रयार्थीला दिवसाला ७१ क्रोनर मिळत, साधारण साडेपाचशे रुपये. जिथे जेवण राहण्याच्या ठिकाणीच मिळे तिथे २४ क्रोनर. हे दर १९९४ पासून बदललेले नव्हते. त्याच वेळी निवासगृहात ठेवलेल्या एकट्या अल्पवयीन मुलामागे केंद्र सरकार नगरपालिकेला दिवसाला १,९०० क्रोनरपर्यंत भरपाई देत होते, आणि ही निवासगृहे अनेक ठिकाणी खासगी कंपन्या चालवत होत्या. जुलै २०१७ मध्ये हा दर १,३५० वर आणण्यात आला. ‘निर्वासितांवरचा खर्च’ या शीर्षकाखाली दिसणाऱ्या मोठ्या रकमेचा किती भाग निर्वासिताच्या हातात पडतो आणि किती भाग घाईने भाड्याने घेतलेल्या इमारतींच्या मालकांना, रोजंदारीवर आणलेल्या कर्मचाऱ्यांना आणि सल्लागारांना जातो, हे पाहिल्याशिवाय त्या रकमेवर मत बनवणे अन्यायाचे आहे.

आणखी एक वाटा परदेशी मदतीतून काढला गेला. निर्वासिताच्या पहिल्या वर्षाचा खर्च विकास-साहाय्य म्हणून दाखवण्याची मुभा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नियमांत आहे. २०१५ मध्ये स्वीडनच्या एकूण विकास-साहाय्यापैकी सुमारे एक-तृतीयांश रक्कम अशा रीतीने देशातच खर्च झाली. कागदोपत्री स्वीडन तेव्हा जगातील सर्वांत उदार देणगीदारांपैकी होता, आणि त्या देणगीचा मोठा हिस्सा खुद्द स्वीडनमध्ये राहिला.

एवढे होऊनही देशाची तिजोरी रिती झाली नाही. २०१५ ते २०१८ या चारही वर्षांत सार्वजनिक हिशेब शिलकीत होता आणि २०१५ मध्ये अर्थव्यवस्थेची वाढ चार टक्क्यांहून अधिक होती. निर्वासितांसाठी केलेला सरकारी खर्चही त्या वाढीला हातभार लावत होता. नगरपालिका व प्रादेशिक परिषदांना एकरकमी ९.८ अब्ज क्रोनर देण्यात आले. कित्येक उतरत्या वस्तीच्या गावांची लोकसंख्या वर्षानुवर्षांनी प्रथमच वाढली, शाळांचे वर्ग पुन्हा भरले, रिकाम्या सदनिकांना भाडे आले. पहिल्या दोन वर्षांत अनेक ठिकाणी हिशेब चक्क फायद्याचा दिसत होता. बिल आले ते २०१८-१९ मध्ये, केंद्राची रक्कम थांबल्यावर.

७४,००० क्रोनर

गोटेनबर्ग विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ योआकिम रुइस्ट यांनी २०१८ मध्ये अर्थमंत्रालयाच्या अखत्यारीतील सार्वजनिक अर्थव्यवहारांच्या अभ्यासगटासाठी एक अहवाल लिहिला. निर्वासित आयुष्यभरात जितका कर भरतो आणि त्याच्यावर जितका सार्वजनिक खर्च होतो त्यातील फरक त्यांनी काढला : सरासरी, माणशी दरसाल सुमारे ७४,००० क्रोनर निव्वळ खर्च, म्हणजे त्या वेळचे सहा लाख रुपयांच्या आतबाहेर. हा आकडा पुढे दोन्ही बाजूंनी वापरला गेला. एका बाजूने त्याला वर्षे आणि माणसे यांनी गुणून प्रचंड रक्कम काढली. दुसऱ्या बाजूने राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करून तो किरकोळ ठरवला. गणित दोन्हींचे बरोबर आहे. एक लाख निर्वासित धरले तर वर्षाला ७.४ अब्ज क्रोनर होतात, आणि स्वीडनच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने ते अर्ध्या टक्क्याहूनही बरेच कमी आहे. एवढ्याने देश बुडत नाही, तसेच निर्वासित आले की वयस्कर होत चाललेल्या देशाच्या पेन्शनचा प्रश्न सुटेल ही आशाही टिकत नाही.

या सरासरीच्या आत आयुष्याचा एक आलेख दडलेला आहे. पहिली काही वर्षे खर्च फार मोठा असतो. मधल्या वयात, काम मिळाल्यावर, माणूस व्यवस्थेत भर घालतो. म्हातारपणी पुन्हा खर्च वाढतो, आणि कामाची वर्षे थोडी असल्याने त्याची स्वतःची पेन्शन तोकडी पडते व सरकारला किमान हमीची पेन्शन द्यावी लागते. म्हणून पहिली नोकरी दुसऱ्या वर्षी मिळते की आठव्या वर्षी, यावर पुढचा सारा हिशेब फिरतो. स्वीडनमध्ये दीर्घकाळचा अनुभव असा की निर्वासितांच्या एखाद्या तुकडीतील निम्म्या लोकांना काम लागेपर्यंत पाच-सात वर्षे सहज उलटतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याहून अधिक. २०१५ नंतर तर अर्जावर निर्णय होण्यासाठीच वर्षभराहून जास्त वाट पाहावी लागत होती; दोन वर्षांचा कार्यक्रम त्यानंतर सुरू होई.

इतका उशीर का लागतो? स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही; वेतन कामगार संघटना आणि मालक यांच्या सामूहिक करारांतून ठरते आणि तळाचे वेतनही बरेच वरचे असते. ज्या कामाला माध्यमिक शिक्षण किंवा चांगली भाषा लागत नाही अशी कामे एकूण कामांच्या सुमारे पाच टक्केच आहेत, युरोपातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. हा योगायोग म्हणता येत नाही. कामाला मान आणि पुरेसा पगार असावा या हेतूने शंभर वर्षांत घडवलेली ही व्यवस्था आहे, आणि तिचे मला मनापासून कौतुक आहे. पण सहावी-सातवीपर्यंत शिकलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या माणसासाठी तिची पहिली पायरीच फार उंच आहे. पायरी उतरवावी तर संघटनांचे सारे कमावलेले धोक्यात येते. न उतरवावी तर भत्त्याचा खर्च गावाकडे जातो. फिलिपस्टाडच्या दोन अधिकाऱ्यांनी ज्या माणसांविषयी लिहिले ती याच दोन गोष्टींच्या मध्ये सापडली होती.

बोस्नियाचा अनुभव इथे आठवतो. १९९३ मध्ये स्वीडनने युगोस्लावियातील युद्धातून आलेल्या हजारो बोस्नियनांना एका निर्णयाने कायमचे वास्तव्य दिले. देश तेव्हा नव्वदीच्या दशकातील खोल मंदीत होता आणि सुरुवातीची वर्षे त्यांनाही जड गेली. तरी पंचवीस वर्षांनंतर त्यांच्यातील रोजगाराचे प्रमाण मूळ स्वीडिश लोकांच्या जवळ पोहोचले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण पूर्ण होते आणि अनेकांच्या हातात कसब होते. तेच राज्य, तेच भत्ते, तरी निष्पत्ती वेगळी. म्हणजे उदार भत्त्यामुळे माणसे आळशी होतात हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

उलट बाजूची गल्लतही टाळली पाहिजे. ‘स्थलांतरित’ या एकाच रकान्यात स्टॉकहोमच्या चिस्ता भागात किंवा गोटेनबर्गच्या मोटार कंपन्यांत काम करणारे अभियंतेही मोजले जातात, ज्यांत पुण्या-मुंबईहून गेलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत. ते पहिल्या महिन्यापासून कर भरतात आणि त्यांचे शिक्षण दुसऱ्या देशाच्या पैशातून झालेले असते. त्यांना धरून काढलेली सरासरी निर्वासितांचा खर्च झाकते, आणि राग निर्वासितांवर असला तरी नियम कडक होतात ते त्यांच्यासाठीही : नोव्हेंबर २०२३ मध्ये कामाच्या परवान्यासाठीची किमान पगाराची अट १३,००० क्रोनरवरून एकदम २७,३६० क्रोनरवर गेली.

धोरण कुठे वळले

जुलै २०१६ पासून तात्पुरत्या परवान्यांचा कायदा लागू झाला आणि कुटुंबाला बोलावणे अवघड झाले. २०२२ च्या निवडणुकीत स्वीडन डेमोक्रॅट पक्षाला २०.५ टक्के मते मिळाली. त्याच्या पाठिंब्यावर आलेल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांमार्फत घ्यायच्या निर्वासितांची वार्षिक संख्या ५,००० वरून ९०० केली. स्वखुशीने मायदेशी परत जाणाऱ्या प्रौढासाठीचे अनुदान १०,००० क्रोनरवरून ३,५०,००० क्रोनर करण्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आयुष्यभराच्या निव्वळ खर्चाच्या आकड्यापुढे हे अनुदान स्वस्त दिसते, आणि अशा आकड्यांचा धोका तोच आहे : माणसाला काढून टाकणे ही बचत म्हणून मोजता येते, त्याला पाच वर्षे आधी कामाला लावल्याने झालेली बचत अर्थसंकल्पाच्या कुठल्याच ओळीत दिसत नाही.

येणाऱ्यांची संख्या घटली, पण आधीच आलेल्यांच्या खर्चाची वाटणी फारशी बदलली नाही. दोन वर्षांची केंद्रीय भरपाई हा या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. जो देश स्वतःच्या आकडेवारीवरून जाणतो की काम लागायला पाच-सात वर्षे जातात, त्याने भरपाई दोन वर्षांत थांबवणे म्हणजे उरलेली वर्षे सर्वांत दुबळ्या नगरपालिकांवर टाकणे आहे. ही भरपाई काम लागेपर्यंत केंद्राकडेच राहिली असती, तर लवकर काम लावून देण्याची निकडही निर्णय घेणाऱ्यांनाच जाणवली असती.

मार्च २०२२ पासून युक्रेनमधून आलेल्यांना युरोपीय संघाच्या तात्पुरत्या संरक्षणाखाली स्वीडनमध्ये पहिल्या दिवसापासून काम करण्याचा हक्क मिळाला. ही चांगली सुधारणा होती. पण त्यांची नोंद आश्रयार्थींप्रमाणेच झाल्याने भत्ता तोच १९९४ चा ७१ क्रोनर राहिला, भाषेच्या वर्गांची कायदेशीर वाट जून २०२३ मध्ये खुली झाली, आणि लोकसंख्या नोंदवहीत नाव घालून नेहमीच्या सामाजिक हक्कांत येण्याची मुभा १ नोव्हेंबर २०२४ पासून मिळाली. शिक्षण असलेली, काम करू इच्छिणारी, बहुसंख्येने स्त्रिया असलेली ही मंडळी सव्वा वर्ष भाषेच्या वर्गाबाहेर राहिली. त्या सव्वा वर्षात सरकारने जे वाचवले ते प्रत्येकी काही हजार क्रोनर होते. त्या काळात न शिकलेल्या भाषेची किंमत मात्र त्या ज्या गावांत स्थायिक होतील त्या गावांच्या खात्यावर पडेल.